बाळंतविडा देऊन झाला, आता पुढचं बघा

आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरात कुणाकडे बाळ झालं की पहिला महिनाभर त्या घरात बसायला जागा नसते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, माहेरचे, सासरचे, ऑफिसातले, खालच्या मजल्यावरच्या काकू, सगळे येतात, नाक कुणावर गेलंय यावर वाद घालतात, बारशाच्या घुगऱ्या खातात आणि सव्वा महिना झाला की जो तो आपापल्या घरी. मग तीन-साडेतीन महिन्यांनी मुलगी बाळाला घेऊन माहेरहून परत येते, धुळ्याहून नाहीतर जळगावहून, आणि येते कुठे तर बायपासकडच्या एखाद्या टॉवरमध्ये आठव्या मजल्यावर, जिथे नवरा सकाळी नऊला निघतो तो रात्री नऊला उगवतो आणि दिवसभर ती, ते बाळ आणि मोबाईल. सासू असली तर असली, नाहीतर तीही देवासला दुसऱ्या मुलाकडे.

मी २९ वर्षं बालवाडीत शिकवलं, आता रिटायर आहे. आमच्या भिशीतल्या अकरा जणी मिळून गेली काही वर्षं एक छोटंसं काम करतो, नवीन आईच्या घरी जाण्याचं, आणि खूप जणी विचारतात की जाऊन नेमकं करता काय, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी एक गोष्ट. आबाळ आणि हेळसांड हे दोन शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात पण माझ्या मते फरक आहे. आबाळ होते, हेळसांड कुणीतरी करतं. बालवाडीत मूल यायचं तोवर आम्हाला हेळसांडच दिसायची, किडलेले दात, कानातून पू, तीन वर्षांचं पोर आणि शब्द सगळे मिळून पाच-सहा, मग आम्ही टीचर लोक आईला बोलवून झापायचो. मी पण झापलंय, खोटं कशाला सांगू. पण नंतर कधी त्या आईजवळ निवांत बसलं की गोष्ट मागे मागे जात पहिल्या वर्षात पोचायची, बाळ चार महिन्यांचं असताना हिला झोप नव्हती, ह्याची नोकरी सुटली होती, सासूशी बोलणं बंद होतं, कुणी आलं नाही. आधी आईची आबाळ झाली होती, मग मुलाची. पोलीस, कायदा, झापणारी टीचर हे सगळे हेळसांडीपर्यंत पोचल्यावर येतात. आबाळ चालू असते तेव्हा फक्त शेजारीच असतात.

कधी जायचं

सरकारी टीक्यांचं कार्ड काढून बघा (इंदुरात आम्ही लस कमी आणि टीका जास्त म्हणतो, पुणेकरांनी सांभाळून घ्यावं). जन्माचे टीके, मग दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, आणि त्यानंतर एकदम नऊ महिने. मधले साडेपाच महिने सरकारी दवाखान्यात बाळाला घेऊन जायचं काही कारणच नाही, प्रायव्हेटवाले फ्लू-टायफॉइडच्या लशीला बोलावतात तेवढंच. आणि नेमकं ह्याच काळात मुलगी माहेरहून आलेली असते, मालिशवाल्या बाई बंद झालेल्या असतात, नवऱ्याची उरलीसुरली सुट्टी संपलेली असते, आणि सहा महिन्यांनी वरचं खाणं सुरू करायचं म्हणजे एक नवीनच परीक्षा. म्हणून आमचा नियम असा की बारशाला गेलात नाही गेलात, चौथ्या महिन्यापासून नवव्यापर्यंत जायचंच.

आशा ताई येतात ना, असं कुणी म्हणेल. येतात. पहिल्या ४२ दिवसांत सहा-सात वेळा आणि पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्यात घरी यायचं त्यांचं वेळापत्रक आहे. पण आमच्या ओळखीची आशा सांगते की वस्तीत प्रत्येक घरी चहा मिळतो आणि टॉवरच्या गेटवरून आत कुणी सोडत नाही, गार्ड रजिस्टर पुढे करतो, फ्लॅट नंबर लिही, इंटरकॉम लागत नाही, मग ती कंटाळून निघून जाते. तुम्ही सोसायटीच्या कमिटीत असाल तर एवढं एक काम करा, आशा आणि अंगणवाडीच्या दीदीचं नाव गेटवर लिहून ठेवा की ह्यांना अडवायचं नाही. पाच मिनिटांचं काम आहे, फुकट आहे, आणि मीटिंगमध्ये पार्किंगवर दोन तास भांडण्यापेक्षा बरं.

काय बघायचं

घरात पसारा आहे का ते बघू नका. चार महिन्यांचं बाळ असलेल्या घरात पसारा नसेल तर उलट मला काळजी वाटते. दुपारी दोनला दारात दुधाची पिशवी तशीच लटकतेय, दिवसभर पडदे लावलेले, बाळाच्या मांडीतली रॅश पंधरा दिवसांपूर्वी होती तीच अजून आहे, टीक्याची तारीख दोनदा हुकली, विचारल्यावर वाक्य पुरं व्हायच्या आत "सगळं ठीक आहे काकू" असं उत्तर येतं, ह्या गोष्टी बघा. आणि सगळ्यात जास्त बाळाकडे बघा. रडकं बाळ घर डोक्यावर घेतं म्हणून लोक त्याची काळजी करतात, मला फार शांत बाळाची भीती वाटते, जे तुमच्याकडे बघत नाही, तोंड वेडंवाकडं केलं तरी हसत नाही. एडवर्ड ट्रॉनिक म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला होता, आईला सांगायचं बाळाशी मस्त खेळ आणि मग दोन-तीन मिनिटं चेहरा एकदम दगडासारखा ठेव. बाळ आधी हसून बघतं, हात करतं, आवाज काढतं, आणि काहीच परत येत नाही म्हटल्यावर मान फिरवून घेतं. दोन मिनिटांत! आता आईला महिनोन्‌महिने उदास वाटत असेल तर ते बाळ काय शिकेल, तुम्हीच विचार करा. (असं शांत बाळ दिसलं तर डॉक्टरला पण दाखवायला सांगा, कधी कानाचा किंवा नजरेचा प्रश्न निघतो आणि आपण उगाच आईवर ठपका ठेवलेला असतो.)

कसं जायचं, म्हणजे आधी कसं जायचं नाही

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट, आमच्याच बिल्डिंगमधली. पहिलं बाळंतपण, बाळ पाच महिन्यांचं. मी डब्यात पोहे घेऊन गेले, वर सेव, जिरावण, अगदी साग्रसंगीत. दार उघडलं तर अकराच्या उन्हातसुद्धा आत अंधार, ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात खालीच बसलेली, शेजारी दुधाची बाटली पडलेली आणि बाटलीच्या तळाशी पिवळट साका. आंबूस वास. बाळ पाळण्यात जागं, छताकडे बघत. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "अगं, बाटली कशी धुतेस तू? आणि अंगावर पाजत नाहीस का? अंगाला तेल लाव त्याच्या, कातडी बघ किती कोरडी झालीये." तीन वाक्यं, तिन्ही बरोबर, आणि तिने डबा घेतला, थँक्यू काकू म्हणाली आणि पुढचा महिनाभर माझ्यासाठी ते दार उघडलं नाही. बेल वाजवली की आत टीव्हीचा आवाज कमी व्हायचा.

मग आमच्या भिशीतली एक, जिला मी नेहमी अघळपघळ समजत आले, ती गेली. तिने काहीही विचारलं नाही. "माझ्याकडे आज पाणी गेलंय, तुझ्या सिंकवर जरा भांडी घासू का," असं धडधडीत खोटं बोलून आत शिरली, स्वतःची दोन पातेली घासली आणि त्याबरोबर तिच्या सगळ्या बाटल्या उकळून पालथ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी ती मुलगी रडली आणि बोलली. तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला, पहिल्या तीन भेटींत सल्ला नाही. एकही नाही. हाताने काम करायचं आणि बाळाशी बोलायचं, आईच्या समोर, मोठ्याने, "अरे वा, आईला बघून हसतोस होय रे", म्हणजे आईला दिसतं की बाळ तिलाच शोधतंय.

काम म्हणजे काय तर बाटल्या, कपड्यांच्या घड्या, कुकर लावणं, बाळाला अर्धा-पाऊण तास घेऊन बाल्कनीत उभं राहणं म्हणजे ती डोक्यावरून अंघोळ करू शकेल. नुसतं "काही लागलं तर सांग" म्हणू नका, कुणी सांगत नाही. "मंगळवारी आणि शुक्रवारी अकराला येते, पाऊण तास थांबते" असं सांगा आणि त्याच वेळेला जा. नवरा घरी असेल त्या दिवशीही एखादी चक्कर मारा आणि काम त्याच्यापुढे ठेवा, त्याला बाजूला बसवून आपण राबायचं नाही. आमच्यातल्या एकीचे मिस्टर येतात सोबत, ते त्या मुलाला टपरीवर चहाला घेऊन जातात आणि सांगतात की रात्रीची एक पाळी तू घे, म्हणजे तिला सलग चार-पाच तास झोप मिळेल. बाप्यांनी सांगितलं की बाप्ये ऐकतात, काय करणार.

सल्ला चौथ्या भेटीपासून, तोही तिने विचारलं तर. पण काही गोष्टी न विचारता सांगायच्याच. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, मे महिन्यात ४२ डिग्री असली तरी वरून पाणी नाही, आमच्या इथे आज्ज्या हे ऐकत नाहीत. बाटलीचं पावडरचं दूध चालू असेल तर डब्यावर लिहिलंय त्याच मापाने, जास्त दिवस पुरावं म्हणून पातळ करायचं नाही. वर्षाच्या आत मध नाही. झोपावं म्हणून खोकल्याचं औषध अजिबात नाही, २०२५ साली छिंदवाड्यात कफ सिरपने मुलं गेली ते आपण सगळ्यांनी वाचलंय, ती औषधं तर डॉक्टरने लिहून दिलेली होती. पूर्वी गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका बाळागोळी द्यायच्या, त्यात अफू असायची, बाळ दिवसभर गपगार. आपण त्यांना नावं ठेवतो आणि सहा महिन्यांच्या बाळापुढे मोबाईल लावून ठेवतो, तेही गपगारच बसतं.

आणि रडण्याचं. बाळ दीड-दोन महिन्यांचं असताना सगळ्यात जास्त रडतं, संध्याकाळी तर विचारू नका, पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही, तरी रडतंय. ह्यात आईची चूक काहीच नसते आणि चौथ्या महिन्याच्या आसपास ते आपोआप उतरतं. पण त्या क्षणी रागाने बाळाला गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, जीव जातो, नजर जाते. म्हणून प्रत्येक आईला, बापाला, आजीला हे सांगून ठेवा की हात शिवशिवायला लागले की बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, दार ओढून घ्या, दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जाऊन पाणी प्या, कुणाला तरी फोन करा. दहा मिनिटं रडल्याने काही होत नाही. आमच्याकडे तर फ्रिजवर तीन फोन नंबर लिहून चिकटवतो, त्यातला एक माझा, रात्री दोनला पण वाजलाय.

मन बरं नसेल तर

बाळंतपणानंतर पहिले आठ-दहा दिवस रडू येणं, चिडचिड, हे बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. दोन आठवड्यांच्या पुढे गेलं, किंवा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नव्याने सुरू झालं, झोपायला मिळूनही झोप येत नाही, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, "माझ्याशिवाय हे सुखात राहील" असं काही बोलली, तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे, अंगावर पाजत असताना चालणारंही. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, फोन आहे, फुकट, चोवीस तास, नाव सांगायची गरज नाही. एमवायमध्ये, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, मानसिक रोगांची ओपीडी आहे. इंदुरात डोक्याचा डॉक्टर म्हटलं की लोकांना लगेच बाणगंगेचं मनोरुग्णालय आठवतं आणि सासरचे हादरतात, तेव्हा मी सरळ सांगते, "थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला नेऊ, तिथेच दाखवून घेऊ." ते दोन्ही तपासायला हवंच असतं त्यामुळे खोटंही नाही. पण ती कानात आवाज येतात म्हणाली, बाळात काहीतरी शिरलंय म्हणाली, दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा नाही आणि अखंड बडबड, तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल, आणि तोवर बाळ आणि ती दोघांनाच ठेवायचं नाही.

एका हॉस्पिटलात (नाव नको) आम्ही अशाच एकीला घेऊन गेलो होतो तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, आमच्या वेळी नव्हते बाई असले लाड. मी भांडले नाही, पण दुसऱ्या दिवसापासून अशा वेळी सोबत दोघी जायच्या असं ठरवलं, एक आईबरोबर राहायला आणि एक काउंटरवर बोलायला.

आपल्या घरी येणाऱ्या बाईचं बाळ

हे लिहिताना मला जरा लाज वाटते. माझ्याकडे पोळ्या करायला यायची ती मालवा मिलकडची, खानदेशातलीच, घरी बोलायची मराठी. एक दिवस सहज विचारलं, लहान्याला कोण बघतं? म्हणाली, "मोठी बघते ना ताई." मोठी पाच वर्षांची. बाहेरून कुलूप, आत दोघं, गॅसची टाकी आणि पाण्याचा पिंप. आणि तिने सकाळी सातला यावं हा हट्ट माझा होता, कारण मला नऊला वॉकिंग ग्रुप होता. बाहेरून बघणारा म्हणेल काय आई आहे. त्या कुलपाची निम्मी किल्ली माझ्याकडे होती.

मग काय केलं तर वेळ दहाची केली, अंगणवाडी उघडल्यावर मोठीला तिथे सोडून यायला. लहान्याला माझ्याकडे घेऊन यायला सांगितलं, सतरंजीवर खेळायचा. मोठ्या ऑफिसांना, जिथे ५० किंवा जास्त लोक कामाला आहेत, झूलाघर (पाळणाघर) ठेवणं कायद्याने भाग आहे आणि आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता येतं, पण घरकामाच्या बायकांना कोण देणार? केंद्राची पाळणा योजना आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडलेलं झूलाघर, तुमच्या भागात कुठे चालू आहे ते अंगणवाडीच्या दीदीला विचारा, बाईने विचारायच्या आधी तुम्ही विचारा.

अंगणवाडीत गेलाच आहात तर मूल कुपोषित आहे का ते कळायला दंडाची पट्टी लावून घ्या. सहा महिने ते पाच वर्षं, दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली म्हणजे लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, वर हिरवा. लाल आलं की पोषण पुनर्वास केंद्र, साधारण चौदा दिवस आईसकट भरती, खाणं तिथलं, आणि आईची मजुरी बुडते म्हणून थोडे पैसेही मिळतात. बायका चौदा दिवस म्हटलं की नाही म्हणतात कारण घरी बाकीची मुलं आणि सुटणारी कामं. तेव्हा "जा" म्हणू नका, "तुझी कामं आम्ही धरून ठेवतो, पगार कापणार नाही" म्हणा, मग जातात. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५,००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० मिळतात, आधार आणि बँक खात्याच्या घोळात खूप जणींचे अडकतात, तो फॉर्म भरून देणं हे पण आपलंच काम. नवरा गेलेल्या किंवा टाकून दिलेल्या आईच्या मुलासाठी मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत महिना ४,००० ची मदत आहे, शहरात वर्षाचं उत्पन्न ९६,००० च्या आत हवं, अर्ज जिल्हा बाल संरक्षण कार्यालयात.

एवढं करून फरक पडतो का

माझा मुलगा विचारतो, भांडी घासून काय होणार. त्याला मी एल्मायराचं सांगते. न्यूयॉर्क राज्यातलं लहान गाव, तिथे १९७० च्या दशकाच्या शेवटी डेव्हिड ओल्ड्स या संशोधकाने साधारण ४०० गरोदर बायका घेतल्या आणि त्यातल्या काहींच्या घरी गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत नर्स जात राहिली. पंधरा वर्षांनी बघितलं तर त्या घरांत मुलांच्या हेळसांडीच्या आणि छळाच्या पक्क्या नोंदी जवळजवळ निम्म्या होत्या. त्या शिकलेल्या नर्सा, आम्ही भिशीवाल्या, तुलना नको. पण त्यातच पुढे असंही दिसलं की ज्या घरात बाईला खूप मारहाण व्हायची तिथे हा फायदा उरला नाही. म्हणून हात उगारणारा नवरा असेल तिथे आम्ही डबे घेऊन जाणं पुरेसं समजत नाही, १८१ ह्या महिला हेल्पलाइनला फोन, आणि तिच्या मर्जीने, ती एकटी असताना.

फोन कधी करायचा

मूल उपाशी ठेवलं जातंय, मारलं जातंय, लहान बाळ तासन्‌तास एकटं आहे आणि बोलूनही बदल नाही, दारूच्या नशेतल्या माणसाच्या ताब्यात आहे, तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन. जीवाला धोका असेल तर ११२. ह्यात संकोच करू नका, "त्यांच्या घरचा मामला" वगैरे मनातून काढून टाका. फोन केला म्हणजे लगेच मूल उचलून नेतात असं नाही, प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जातं आणि मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानलाय. २०१५ च्या किशोर न्याय कायद्यात कलम ७५ खाली मुद्दाम केलेल्या हेळसांडीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही आहे, पण त्याच कलमात असंही आहे की आईबापांनी मूल टाकलं ते हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे टाकलं असेल तर तो गुन्हा धरायचा नाही. आणि गरिबीला हेळसांड समजू नका. शेंबूड, फाटका फ्रॉक, अनवाणी पाय ह्यावरून कुणी १०९८ लावला तर माझं पहिलं भांडण त्याच्याशी.

थांबायचं कधी

हे सुरुवातीला आम्हाला कळायचं नाही, काही घरी आम्ही उगाच वर्ष-वर्ष गेलो आणि त्या बिचाऱ्या कंटाळल्या असणार. आता डब्यावरून ठरवतो. आपल्यात रिकामा डबा परत करत नाहीत, पण जी स्वतःच पाण्यात बुडालीये तिचा डबा महिनोन्‌महिने रिकामा येतो, कधी न धुता येतो, कधी येतच नाही, आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नसतो. मग एक दिवस त्यात मूठभर साखर येते. त्यानंतर कधीतरी तिने स्वतः केलेलं काहीतरी. त्या उंबऱ्यात बसलेल्या मुलीकडून सातव्या महिन्यात माझा डबा आला त्यात साबुदाण्याची खिचडी होती, खाली जरा लागलेली. त्या आठवड्यापासून आम्ही मंगळवार बंद केला, शुक्रवार चालू ठेवला.